वारसा १९४९ ला संपत नाही

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि अख्खं कोल्हापूर हळहळलं. शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ सालची वास्तू. ती होती तशी पुन्हा उभी राहिली पाहिजे, यावर गावात दुमत नव्हतं. आता ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीतला १९५५-६० सालचा बंगला पाडताना काय होतं ते बघा. जेसीबी लागतो, भंगारवाला सागवानी दारं आणि लोखंडी खिडक्या वजनावर उचलतो, राडारोडा डंपरनं जातो आणि पत्र्याच्या कुंपणावर अपार्टमेंटचा फलक चढतो. हळहळणारं कुणी नसतं. घर कुणी आखलं, कसं बांधलं, त्याचा नकाशा कुठं आहे, हे विचारायचंही कुणाच्या मनात येत नाही.

कोल्हापुरात वारसा म्हटलं की अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, वास्तुविशारद मेजर मँटचा नवा राजवाडा आणि टाऊन हॉल ही नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि वारशाची आपली कल्पना तिथंच थांबली. पुढच्या पंचवीस वर्षांत या शहरानं घर बांधायची एक नवी, स्वतःची रीत बसवली. ती नोंदवली पाहिजे आणि त्यातली निवडक घरं राखली पाहिजेत. त्याचा भार मात्र घरमालकाच्या एकट्याच्या गळ्यात घालता येणार नाही. हा तिसरा मुद्दा सोडून पहिल्या दोघांवर भाषणं देणाऱ्यांनी या विषयाचं नुकसानच केलं आहे.

हे बंगले आले कुठून? १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली, राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरीच्या आकड्यांच्या गल्ल्या आखल्या गेल्या. म्हणजे सरळ रस्ता, नेमका प्लॉट, घराभोवती मोकळी जागा ही सवय शहराला संस्थानकाळातच लागली होती. विलीनीकरणानंतर नवा पैसा आला. गुळाची अडत, उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आणि ऑइल इंजिनं, साखर. त्यात डॉक्टर, वकील, जिल्ह्याचं ठिकाण म्हणून आलेले अधिकारी आणि १९६२ नंतर विद्यापीठ. या मंडळींना पेठेतला वाडा नको होता आणि राजवाड्याची नक्कलही नको होती. मुंबईत शिकून आलेले वास्तुविशारद आणि इथले ओव्हरसिअर-कंत्राटदार यांच्या हातून त्यांनी जे बांधून घेतलं, ते एकाच वेळी मुंबईचं, चंदीगडच्या नव्या, आधुनिक बांधकामाच्या बातम्या ऐकलेलं आणि तरीही कोल्हापूरच्या पावसाला ओळखणारं होतं. चंदीगडचं काम १९५१ मध्ये सुरू झालं, अहमदाबादेत गिरणीमालकांच्या संघाची इमारत १९५४ मध्ये उभी राहिली. तिथली भाषा इथं पोचायला फार वर्षं लागली नाहीत. पोचली ती पातळ होऊन, गवंड्याच्या हातानं, आणि मला तरी ती तशीच जास्त रंजक वाटते.

वाडा आत बघतो: रस्त्याकडं भिंत, आत चौक, चौकाभोवती सोपा. हा बंगला बाहेर बघतो. पुढं पोर्च, त्याला दोन बारीक गोल खांब, कधी तिरके. पोर्चवर गच्ची किंवा बाल्कनी, बाल्कनीला आडव्या लोखंडी पाइपांचा कठडा. जिन्याच्या उंच भिंतीला सिमेंटची जाळी, म्हणजे जिना दिवसा उजेडात आणि रात्रीही हवेशीर. दर्शनी भिंतीचा एक पट्टा काळ्या दगडाचा, बाकी गिलावा. बैठकीच्या खोलीतून थेट व्हरांड्यात, व्हरांड्यातून बागेत. स्वयंपाकघर मागं, पण त्याला स्वतःचं दार आणि परसदार. धुण्याचा दगड बाहेर राहिला. नवी राहणी आली, पण भांडी घासायची मोरी कुणी सोडली नाही.

यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम छज्जाचं. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात, २२ डिसेंबरच्या आसपास, दुपारी बाराचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. २१ मार्चला ७३ अंशांवर. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फूट बाहेर आलेला छज्जा घ्या. डिसेंबरात त्याची सावली भिंतीवर जेमतेम सव्वादोन-अडीच फूट उतरते, म्हणजे चार फुटी खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येतं. मार्चात तीच सावली साडेसहा फुटांवर जाते आणि खिडकी पूर्ण झाकली जाते. थंडीत ऊब, उन्हाळ्यात सावली, वीज शून्य. पश्चिमेला मात्र आडवा छज्जा कुचकामी, कारण दुपारचं ऊन तिथं सरळ तोंडावर येतं. म्हणून जाणत्या माणसानं आखलेल्या घरात पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कपाटांची भिंत किंवा खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या सापडतात. मे ते ऑगस्ट या काळात सूर्य डोक्यावरून उत्तरेकडं झुकतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही छोटा छज्जा आहे. आणि खिडकीच्या चारही बाजूंनी काढलेली ती काँक्रीटची चौकट, जी आज 'जुनी फॅशन' वाटते, ती नैर्ऋत्येकडून तिरका येणारा पाऊस खिडकीच्या सांध्यात घुसू नये म्हणून आहे. नव्या इमारतींचे छज्जे एफएसआयच्या (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं, त्या प्रमाणाच्या) हिशेबात आणि दर्शनी भागाच्या गुळगुळीतपणात आक्रसले. मग आतल्या भिंतीला ओल, आणि बाहेर एसीची रांग.

तेव्हा हात आखडता घेण्यालाही कारण होतं. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. ते अंशतः उठलं १९८२ मध्ये. त्याआधी पोती परमिटवर मिळत, सळी जपून वापरली जाई. त्यामुळं बहुतेक घरं मिश्र आहेत: खाली दीड विटेच्या, म्हणजे चौदा इंची भिंती भार घेतात, वर एक विटेच्या नऊ इंची, आणि काँक्रीट फक्त स्लॅब, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई), छज्जा, पोर्च एवढ्यापुरतं. स्लॅब चार-साडेचार इंची. सळ्या गुळगुळीत, सुतात मोजलेल्या: तीन सुती, चार सुती. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आजचा इंजिनिअर मिलिमीटरमध्ये विचार करतो आणि जुन्या स्लॅबमधली साडेनऊ मिलिमीटरची सळी मोजून 'गंजून दहाची साडेनऊ झाली' असा शेरा मारतो. ती मुळातच तीन सुती होती.

फरशीकडं जरा थांबून बघा. मोझॅकची टाइल साधारण दहा इंच चौकोनी, एक इंच जाड. वरचा थर संगमरवराची चीप, पांढरं किंवा रंगीत सिमेंट, खालचा साधा सिमेंट-वाळूचा, प्रेसखाली दाबलेली. बसवल्यावर दगडाच्या चकत्यांनी ओली घासतात: आधी जाड दाण्याची, ६०-८० ची, मग १२०, शेवटी ३२०. दोन घासण्यांच्या मध्ये भोकं बुजवायला त्याच रंगाचं सिमेंट पातळ करून भरायचं आणि काही दिवस पाणी मारायचं. शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची पॉलिश. साठ वर्षांनी ही फरशी मळकट दिसते, कारण कुणीतरी ती संडास धुवायच्या ॲसिडनं पुसलेली असते. ॲसिडनं संगमरवराची चीप आणि सिमेंट दोन्ही खाल्ली जातात आणि खडबडीत पृष्ठभागात मळ बसतो. उपाय स्वस्त आहे: तीच घासणी, त्याच क्रमानं, पुन्हा एकदा. होतं काय, तर तिच्यावरच चिकट मसाल्यानं व्हिट्रिफाइड टाइल चढते, दारं खालून कापावी लागतात, उंबऱ्याची पातळी बिघडते, आणि पुढच्या पिढीला खाली काय होतं हे कळतही नाही.

सगळे बंगले जपण्याजोगे आहेत असा माझा दावा नाही. कित्येक तर मुंबईच्या एखाद्या दर्शनी भागाची मोडतोड नक्कल आहेत, खोल्या अंधाऱ्या, प्लॉटशी काही नातं नाही. दहातले दोन-तीन खरोखर चांगले निघाले तरी पुष्कळ. पण ते दोन-तीन कोणते, हे ठरवायला आधी दहा बघावे लागतात, आणि आपण एकही बघितलेला नाही.

पहिला आक्षेप ठरलेला: ही श्रीमंतांची घरं, त्यांची काळजी शहरानं का करावी? आक्षेप रास्त आहे. या वसाहतींत कोण राहू शकत होतं आणि कोण नाही, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. तरी राजवाडाही गरिबाचा नव्हता, आणि त्याच्यावर आपण हक्क सांगतोच. या बंगल्यांबाबत हक्क जास्त थेट आहे. घराभोवती सोडलेली मोकळी जागा नियमानं सोडायला लावलेली होती. तिच्यात झाडं वाढली, पावसाचं पाणी मुरलं, रस्त्याला सावली मिळाली. हे सगळं कुंपणाबाहेरच्या माणसालाही मिळालं. आणि मोझॅक घासणारे, सिमेंटच्या जाळीचे साचे करणारे, काळा दगड घडवणारे हात श्रीमंतांचे नव्हते. घर पाडलं की त्यांच्या कामाचाच शेवटचा पुरावा जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ही घरं आता धोक्याची झाली. काही झाली आहेत. पण 'धोक्याचं' हा शब्द जितक्या सहज लिहिला जातो तितकी तपासणी होत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली मोडकळीस आलेल्या इमारतीला नोटीस देता येते, आणि भाडेकरू हलत नसेल तर ही नोटीस कुणाच्या कामाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून बिघाड कसा होतो हे घरमालकाला स्वतःला कळलं पाहिजे.

नवं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यात सळी गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि ही अल्कधर्मिता संपवत जातो. वेग सरळ रेषेत नसतो: पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत पंधरा-वीस मिलिमीटर आत जातो, पुढं मंदावतो. त्या काळी स्लॅबच्या सळीखाली काँक्रीटचं आवरण जेमतेम अर्धा-पाऊण इंच ठेवलेलं. म्हणजे सळीचं संरक्षण १९८०-८५ च्या सुमारासच संपलेलं असणार. तरीही बैठकीच्या खोलीचा स्लॅब आजही ठणठणीत का? कारण गंजायला पाणीही लागतं, आणि ती खोली कोरडी आहे. न्हाणीघराचा स्लॅब, पोर्च, छज्जा आणि गच्चीच्या कठड्याजवळचा पट्टा, हेच भाग आधी जातात. तपासणी सोपी आहे. शंका असलेल्या जागी काँक्रीटचा छोटा तुकडा फोडायचा आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थेलिनचं एक टक्क्याचं द्रावण फवारायचं. गुलाबी झालं तिथं काँक्रीट अजून जिवंत. रंग आला नाही तिथं संरक्षण संपलं. रंगाची कड सळीच्या अलीकडं आहे की पलीकडं, हे फूटपट्टीनं मोजता येतं. ज्या अहवालात ही मोजणी नाही, सळीचा उरलेला व्यास नाही, कोणत्या खोलीत किती ते नाही, आणि शेवटी 'इमारत राहण्यास अयोग्य' एवढंच आहे, तो अहवाल परत पाठवावा.

छज्जाचं दुखणं वेगळं. तो भिंतीतून बाहेर लोंबतो, म्हणून त्याची मुख्य सळी वरच्या बाजूला लागते. काँक्रीट ओतताना मजूर सळीवर उभा राहिला की ती खाली दबते, आणि छज्जा पहिल्या दिवसापासून दुबळा राहतो. भिंतीला लागून वरच्या बाजूनं लांब भेग दिसली तर कारण बहुतेक हेच. खालच्या कडेला पाणी तुटावं म्हणून अर्धा इंच खाच ठेवलेली असते. रंगाच्या दर थरानं ती बुजत जाते, पाणी उलटं भिंतीकडं वाहतं आणि खालचं पोट सुटतं. दुरुस्तीचा क्रम असा: आधी खालून टेकू. मग सुटलेलं सगळं काँक्रीट फोडून सळीच्या मागं बोट जाईल इतकी, साधारण वीस मिलिमीटर, जागा मोकळी करायची. सळी तारेच्या ब्रशनं किंवा वाळूच्या माऱ्यानं चकचकीत होईपर्यंत साफ. व्यास पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घटला असेल तर शेजारी नवी सळी, पुरेशा लांबीनं बांधून. मग गंजरोधक लेप, चिकटण्यासाठीचा थर, आणि तो ओला असतानाच पॉलिमर मिसळलेला मसाला, दहा-बारा मिलिमीटरच्या थरांनी. वर पाणी मारणं. यातली मधली पायरी कंत्राटदार गाळतो: फक्त पुढचं पोपडं काढतो, सळीच्या मागचं तसंच ठेवतो आणि सिमेंटनं लिंपतो. दोन पावसाळ्यांत त्या लिंपणाच्या शेजारची सळी जोरात गंजू लागते, कारण नव्या आणि जुन्या काँक्रीटमधली सळी एकाच विद्युतघटाच्या दोन टोकांसारखी वागते. मग मालक म्हणतो, 'दोनदा दुरुस्त केलं, काही उपयोग नाही, पाडूया.'

सगळ्यात मोठा घात मात्र कोब्यानं केला आहे. गच्ची गळते म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. सरासरी जाडी साडेचार-पाच इंच, शंभराला एक उतार. त्याचं वजन चौरस मीटरला दोनशे ते अडीचशे किलो. हा पहिला कोबा मूळ हिशेबात असतो. पंधरा-वीस वर्षांनी तो भेगाळतो आणि जुना काढायचा त्रास नको म्हणून त्याच्यावरच दुसरा घालतात. गच्चीवर माणसांची वर्दळ धरून स्लॅबची क्षमता चौरस मीटरला साधारण दीडशे किलोची. म्हणजे एकही माणूस वर न चढता ती क्षमता संपली आणि वर भर पडली. वर पाण्याच्या सिंटेक्सच्या टाक्या, त्यावर पत्र्याची शेड. मग स्लॅब मध्ये झुकतो, पाणी मध्येच साठतं आणि जास्तच गळतं. अशा घराला 'आयुष्य संपलं' म्हणण्याआधी दोन्ही कोबे उतरवून, स्लॅब तपासून, एकच हलका थर योग्य उतारानं घालावा. आणि काम झाल्यावर गच्चीचे पन्हाळे बुजवून दोन-तीन दिवस पाणी तुंबवून बघावं. ही चाचणी न करता बिल देऊ नये.

भूकंपाचं विचारलं जातं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सुमारे साडेसहा रिश्टरचा होता. देशाची पहिली भूकंपरोधक संहिता १९६२ ची, आणि कोयनेनंतर १९७० मध्ये भूकंपप्रवणतेचा नकाशाच बदलावा लागला. २०१६ च्या संहितेनुसार कोल्हापूर तिसऱ्या विभागात येतं. म्हणजे १९५५ चा बंगला संहितेत बसत नाही, हे खरं. पण एक-दोन मजली, जाड भिंतींचं, लिंटेलच्या पातळीवर सलग पट्टी असलेलं घर आणि खाली नुसत्या खांबांवर मोकळं पार्किंग ठेवून उभी राहिलेली इमारत यांची तुलना करताना कुणाचं पारडं जड, हे गृहीत धरू नये. जुन्या घरात लिंटेलची पट्टी सलग आहे का आणि कोपऱ्यातल्या भिंती एकमेकींत बांधलेल्या आहेत का, एवढं पाहिलं तरी निम्मा निकाल लागतो.

खिडक्यांचं थोडक्यात. मूळ खिडकी लोखंडी झेड पट्टीची, पुट्टीनं काच बसवलेली, पूर्ण उघडणारी. पुट्टी वाळून तडकते, पाणी खालच्या पट्टीत साठतं आणि तेवढीच पट्टी सडते. ती कापून तशीच जोडता येते. त्याऐवजी ॲल्युमिनियमची सरकती येते, जी कधीही निम्म्याहून जास्त उघडत नाही. हवा निम्मी झाली, वरचे झरोके एसीसाठी बंद झाले, आणि मग 'जुन्या घरात कोंदट वाटतं'.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्यावरच सगळं अडलं आहे. समजा पाच हजार चौरस फुटांचा प्लॉट, समोर नऊ मीटरचा रस्ता, आणि त्यावर दोन हजार फुटांचा बंगला. डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीनं मूळ एफएसआय १.१ दिला, त्यावर शुल्क भरून ०.५ आणि टीडीआरनं (दुसऱ्या जागेवरचा, विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) ०.४, म्हणजे एकूण २. त्यावर पूरक क्षेत्र म्हणून, पुन्हा शुल्क भरून, ६० टक्क्यांपर्यंत. म्हणजे सोळा हजार फुटांपर्यंत बांधता येतं. मालकापुढं दोन हजार आणि सोळा हजार यांतली निवड आहे, तीही चार भावंडांत वाटणी करायची असताना. त्याला वारशाचं व्याख्यान देणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म. दबाव नियमानं तयार केला आहे, तर सुटकाही नियमानंच द्यायला हवी.

वाट अगदीच नाही असं नाही. याच नियमावलीत वारसा इमारतींसाठी तरतूद आहे आणि न वापरलेल्या क्षेत्राच्या बदल्यात टीडीआर देण्याची सोयही आहे. अडचण अशी की इमारत आधी यादीत हवी, श्रेणी हवी, आणि तो टीडीआर घ्यायला गिऱ्हाईक हवं. शुल्क भरून मिळणारा एफएसआय जितका स्वस्त, तितका टीडीआर पडून राहणार. म्हणून महापालिकेनं राज्याकडं मागायचं ते एवढंच: नव्या इमारतीला लागणाऱ्या टीडीआरमधला ठरावीक वाटा आधी वारसा टीडीआरमधून घ्यावा लागेल. दुसरं घरफाळ्याचं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९७२ पासून मिल्स कायदा आहे: मालक किमान दहा वर्षांसाठी देखभालीचा करार करतो, बदल्यात मालमत्ता कर घटतो, आणि करारातली दुरुस्ती केली की नाही ते तपासलं जातं. पाम स्प्रिंग्जसारख्या गावांतली याच काळातली घरं टिकण्यात त्याचा हात आहे. आपल्याकडं घरफाळ्यात अशी सवलत द्यायला फार मोठा पैसा लागणार नाही, कारण प्रश्न पाच-पन्नास घरांचा आहे, पाच हजारांचा नाही. तिसरं, मागच्या मोकळ्या जागेत नवं बांधकाम करू द्यावं. पुढचा बंगला आणि पुढची बाग जशीच्या तशी, मागं तीन मजले. बाजूच्या अंतरात थोडी सवलत. शुद्धतावाद्यांना हे आवडणार नाही. पण सगळं वाचवायचा हट्ट धरून सगळं घालवण्यापेक्षा हे बरं. आणि बंगल्याच्या आत दोन-तीन स्वतंत्र सदनिका करायला सरळ परवानगी हवी. भावंडांचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

'पण ही घरं तेवढी जुनी नाहीत' असं कुणी म्हणेल. दिल्लीत हेच झालं. वास्तुविशारद राज रेवल यांचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन १९७२ चं. ते पाडायला निघाले तेव्हा साठ वर्षांपेक्षा कमी वयाच्या इमारतीचा विचार होणार नाही अशी भूमिका घेतली गेली, आणि एप्रिल २०१७ मध्ये ते पाडलं. आपल्या बाबतीत हा बहाणाही उरलेला नाही: १९६५ पर्यंतची सगळी घरं साठीच्या पुढं गेली. मुंबईत उलटं घडलं. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या. त्यात बहुतेक साधी राहती अपार्टमेंट आहेत, राजवाडा एकही नाही. तिथं एकेक इमारत वाचवली नाही, पूर्ण रांग वाचवली. ताराबाई पार्कात तसा अख्खा परिसर आता हाती लागणार नाही. दोन-तीन सलग रस्ते अजून लागतील.

सुरुवात कागदापासून करावी लागेल. बांधकाम परवानगीचे जुने निळे नकाशे अमोनिया प्रिंटचे आहेत. उजेडात आणि दमटपणात ते फिकट होत जातात आणि घडीवर फाटतात. महापालिका १५ डिसेंबर १९७२ ची, त्याआधीचे कागद नगरपालिकेच्या काळातले. ते स्कॅन करायचं काम कुठल्याही समितीची वाट न बघता सुरू होऊ शकतं. ज्या घराचे नकाशे नाहीत त्यांची मोजणी: तळमजला, वरचा मजला, दोन छेद (घर उभं कापल्यावर आत दिसेल ते चित्र), चारही बाजू, १ ला ५० च्या प्रमाणात, खिडकी, जिना, कठडा, जाळी यांचे मोठे तपशील १ ला १० मध्ये. त्यात भिंतीची जाडी, स्लॅबची जाडी, जोत्याची उंची, फरशीचा नमुना, झाडांची जागा लिहायची. वास्तुकला महाविद्यालयातल्या चार मुलांना एका घराला दोन-तीन दिवस पुरतात, घरमालकानं दार उघडलं तर. मुलांची चूक ठरलेली असते: दर्शनी भाग सुरेख काढतात आणि छेद काढत नाहीत. छेदाशिवाय छज्जा, झरोका, जोतं यांतलं काही कळत नाही.

नागाळा पार्कच्या सखल बाजूचं वेगळं लिहावं लागेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा. इथं खांबांवरच्या नव्या इमारतीची बाजू न्यायानं मांडायला हवी: पुरात तिची माणसं कोरडी राहतात, बंगल्यात पाणी शिरतं. पण तिच्या भोवती कुंपणापासून कुंपणापर्यंत काँक्रीट केलेलं असतं, आणि एरवीच्या पावसाचं पाणी शेजारच्या बंगल्यात लोटलं जातं. पुरानंतर बंगल्याचं खरं नुकसान घाईनं होतं. विटेची भिंत वाळायला इंचाला साधारण एक महिना लागतो. चौदा इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी सात महिने. गणपती-दिवाळीच्या आत रंग हवा म्हणून लगेच सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, वर्षभरात पोपडे. खालचा चार फूट गिलावा उतरवून भिंत उघडी ठेवावी, पुढच्या उन्हाळ्यात चुन्याचा गिलावा करावा.

आणि ज्याला पाडायचंच आहे त्याला पाडू द्यावं. परवानगीत दोन अटी असाव्यात: मोजणीचे नकाशे आणि फोटो महापालिकेकडं जमा, आणि पुढच्या मोकळ्या पट्ट्यातली जुनी झाडं नव्या आराखड्यात दाखवलेली. पार्किंगचा उतार त्या झाडांच्या मुळांवरून काढता येणार नाही, हे परवानगी देणाऱ्या अभियंत्यानं जागेवर जाऊन बघून मगच सही करावी.